नऊ ते पाच, सोबत गिटार

रॉक संगीतातली माणसं सहसा कामावर जात नाहीत. ती मोटारसायकलवरून भरधाव निघालेली असतात. पण निघाली कुठे, तिथे मस्टर आहे का, दहा मिनिटं उशीर झाला तर लेट मार्क लागतो का, याचा गाण्यात पत्ता नसतो. त्यांना प्रेम होतं, प्रेमभंग होतो, क्रांती होते, क्वचित परग्रहावरून बोलावणं येतं. पण निघता निघता साहेबांनी 'जरा दोन मिनिटं' म्हणून हाक मारली आणि साडेसात वाजवले, असं त्यांच्या आयुष्यात कधी घडत नाही. आपल्या आयुष्यात मात्र एवढंच घडतं.

सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात तर या मंडळींचे पाय जमिनीवरून पुरते सुटले होते. अख्खा अल्बम एकाच कल्पनेभोवती गुंफायचा आणि गाण्यागाण्यांतून गोष्ट सांगायची, या प्रकाराला 'कॉन्सेप्ट अल्बम' म्हणतात. त्यात कल्पना जेवढी अवाढव्य तेवढा बँड मोठा, असा हिशेब ठरून गेला होता. 'द हू' या बँडने त्याआधीच, १९६९ साली, दृष्टी, श्रवण आणि वाचा तिन्ही हरवलेल्या एका मुलाला पिनबॉलचा चॅम्पियन केलं आणि पुढे त्याचा चक्क पंथ काढला. 'येस' या बँडचा गायक जॉन अँडरसन याच्या वाचनात परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातली शास्त्रांवरची एक तळटीप आली. आपल्याकडे तळटिपा छापायची पद्धत आहे, वाचायची नाही. त्यामुळे आपण वाचलो. त्या गृहस्थांनी मात्र तेवढ्यावर १९७३ साली दोन तबकड्यांचा अल्बम काढला : चार बाजू, चार गाणी, एकेक साधारण वीस मिनिटांचं. त्यांचा कीबोर्डवाला रिक वेकमन या शास्त्रचर्चेला इतका विटला, की मँचेस्टरच्या एका कार्यक्रमात गाणं चालू असताना तो स्टेजवरच करी खात बसला. शास्त्रं भारतीय, तर कंटाळाही भारतीय पद्धतीनेच घालवलेला बरा. त्याने स्वतः पुढे सांगितलेल्या पदार्थांत 'बॉम्बे आलू'ही होते. हा पदार्थ मुंबई सोडून जगात सगळीकडे मिळतो.

याच वेकमनने १९७५ साली राजा आर्थर आणि त्याच्या सरदारांवरचा अल्बम लंडनच्या वेम्बली एम्पायर पूलमध्ये सादर केला. तिथे बर्फ होता, म्हणून सरदारांना स्केट्स घालून त्या बर्फावर फिरवलं. मध्ययुगीन चिलखत, वर ऑर्केस्ट्रा, खाली बर्फ. घसरायला याहून मोठी जागा कुणाला मिळाली नसेल.

आणि त्याच १९७५ साली लंडनच्या रे डेव्हिसने आपल्या 'द किंक्स' या बँडतर्फे एक संगीतनाटकी अल्बम बाजारात आणला. विषय असा : एक माणूस सकाळी उठतो, गर्दीच्या गाडीने ऑफिसला जातो, संध्याकाळी दोन घोट घेतो, घरी येतो. संपलं. अल्बमचं नाव 'द किंक्स प्रेझेंट अ सोप ऑपेरा'.

आता रॉकवाल्यांना हे पचणं कठीणच होतं. तिकीट काढून आलेला तरुण घरचं आणि ऑफिसचं विसरायला आलेला. त्याला समोर स्टेजवर तेच घर आणि तेच ऑफिस. ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत हा अल्बम चढलाच नाही. अमेरिकेत तो ५१व्या क्रमांकापर्यंत गेला आणि तिथून परतला. नायकाला शोभेल असंच झालं म्हणायचं. पहिल्या पन्नासात यायला तो नायक मुळात सामान्य नको होता.

गोष्टीत एक रॉक स्टार आहे. तो स्वतःला 'स्टारमेकर' म्हणवतो, म्हणजे वाटेल त्याला तारा बनवून दाखवणारा. त्याचा दावा असा, की कोणीही उचला, मी त्याचा स्टार करतो. त्यासाठी त्याने नॉर्मन नावाचा एक ऑफिसबाबू निवडला. सामान्य माणसावर कलाकृती करायची तर त्याचं जगणं आतून पाहायला हवं, म्हणून हा नॉर्मनच्या जागी राहायला जातो. नॉर्मनचं घर, नॉर्मनची गाडी पकडण्याची वेळ, नॉर्मनचं टेबल आणि नॉर्मनची बायको अँड्रिया, हे सगळं तो अभ्यासासाठी ताब्यात घेतो. अभ्यासाच्या नावाखाली माणसं काय काय करतात हे ज्यांनी पीएचडीवाल्यांबरोबर घर वाटून घेतलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

सामान्य माणसाबद्दल बोलणारा प्रत्येकजण आधी एक पायरी वर चढून घेतो. निवडणुकीला उभा राहणारा त्याच्यासाठी उभा राहतो आणि निवडून आल्यावर स्वतःसाठी बसतो. अंदाजपत्रकाच्या दिवशी टीव्हीवरचे तज्ज्ञ 'यात सामान्य माणसाला काय मिळालं?' असं तळमळून विचारतात. तो सामान्य माणूस त्या स्टुडिओत कधीच हजर नसतो, तो त्या वेळी ऑफिसात असतो. मी स्वतः 'सामान्य माणूस' म्हणतो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे शेजारचे येतात. शेजाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कोण येत असेल याचीही मला पुरती कल्पना आहे. रे डेव्हिसचा स्टारमेकर आपल्या सगळ्यांचा प्रतिनिधी आहे तो इथे. सामान्यपणा ही दुसऱ्याच्या घरी जाऊन बघायची गोष्ट आहे, अशी त्याचीही खात्री आहे.

मग त्याचा दिवस सुरू होतो. सकाळच्या गर्दीवर एक गाणं आहे. त्यात हा तयार होतोय आणि बायको घाई करतेय, असा संसारी मामला. त्यानंतर ऑफिसचं गाणं. त्याचं नाव 'नाइन टू फाइव्ह', आणि ते दोन मिनिटांच्या आत संपतं. आठ तास दोन मिनिटांत! पहिल्यांदा वाटतं, अन्याय झाला. मग आपण कालच्या दिवसात ऑफिसात नेमकं काय केलं ते आठवायला बसतो, आणि दोन मिनिटं जास्तच झाली असं ध्यानात येतं.

याउलट सुटल्यानंतरच्या दारूला दोन गाणी दिली आहेत. हे प्रमाण लिहिणाऱ्याने कुठल्या पुस्तकातून घेतलेलं नाही, हे उघड आहे. पुढे निऑनच्या दिव्यांखालचं एक उदास गाणं, मग सुट्टीत जडलेल्या प्रेमाचं एक, जुन्या डान्स हॉलच्या धाटणीचं. चाल अशी, की आजोबांनी मिशीला पीळ देत आजीकडे पाहावं. कारकुनाच्या स्वप्नातलं प्रेमसुद्धा एका पिढीने मागे असतं, ही बारीक नोंद मला अख्ख्या अल्बममधली सर्वांत निर्दय वाटते. स्वप्नालाही नवीन फॅशन परवडत नाही.

इथे त्या काळचं एक सांगितलं पाहिजे. १९७४च्या जानेवारीपासून मार्चपर्यंत, खाणकामगारांच्या तंट्यामुळे कोळशाची टंचाई झाली म्हणून, ब्रिटिश सरकारने बहुतेक उद्योगधंद्यांना आठवड्यातून तीनच दिवस वीज वापरायची परवानगी दिली होती. रात्री साडेदहाला टीव्ही बंद. पुढच्या वर्षी महागाईचा दर चोवीस टक्क्यांच्याही वर गेला. म्हणजे रे डेव्हिस जेव्हा नऊ ते पाचच्या जाचाबद्दल लिहीत होता, तेव्हा देशात नऊ ते पाच मिळणं हीच चैन होती. ज्या कंटाळ्यावर नाटक बेतायचं, तोच रेशनवर गेला होता.

हे सगळं आधी टीव्हीवर झालं. 'स्टारमेकर' या नावाने ग्रॅनडा टेलिव्हिजनने ते सप्टेंबर १९७४ मध्ये दाखवलं. या ग्रॅनडाने १९६० साली 'कोरोनेशन स्ट्रीट' नावाची मालिका सुरू केली : एक गल्ली, एक पब, घरोघरच्या कुरबुरी. ती अजून चालू आहे. साध्या माणसांचं रडगाणं पडद्यावर पासष्ट वर्षं चालतं आणि त्याचंच गाणं केलं की तबकडी पडते, यावर संगीतकारांनी विचार करायला हरकत नाही. अँड्रियाची भूमिका जून रिची या नटीने केली. १९६२च्या 'अ काइंड ऑफ लव्हिंग' या चित्रपटात ती नायिका होती. तोही ऑफिस, लग्न, सासू आणि जागेची अडचण असा, म्हणजे आपल्याला भाषांतराशिवाय कळणारा चित्रपट.

अँड्रियाची मला या अल्बममध्ये सर्वांत जास्त काळजी वाटते. जरा विचार करा. नवरा एके दिवशी उठतो आणि म्हणतो, 'मी तुझा नवरा नाही. मी एक जगप्रसिद्ध कलावंत आहे आणि तुझ्या नवऱ्याचा अभ्यास करायला आलोय.' आपल्याकडची बाई काय करील? ती म्हणेल, 'बरं. मग येताना कोथिंबीर आणा.' अँड्रिया तशीच आहे. ती वाद घालत नाही, त्याला उठवते, कामाला पाठवते, परत आल्यावर त्याचं ऐकून घेते. त्याच्या स्टारपणाकडे ती एखादा आजार बरा होईपर्यंत वाट पाहावी, तसं पाहते. तो तिच्यावर गाणं रचतो की तुझ्यामुळेच या सगळ्याला अर्थ आहे. तेही ती ऐकून घेते.

हे गाणं लिहिणाऱ्याची स्वतःची पहिली बायको १९७३ साली दोन मुलींना घेऊन घरातून निघून गेली होती. त्यानंतर जुलैमध्ये लंडनच्या व्हाइट सिटी स्टेडियममध्ये त्याने हजारो लोकांसमोर माइकवरून जाहीर केलं की बस झालं, मी सोडतोय. त्या रात्री त्याला रुग्णालयात न्यावं लागलं. आणि काही दिवसांनी तो परत कामावर रुजू झाला. रोज संध्याकाळी मनातल्या मनात राजीनामा देऊन सकाळी पुन्हा सही करणाऱ्यांपैकीच तो एक निघाला. फक्त याच्या राजीनाम्याला लाउडस्पीकर होता. विनोदी अल्बममध्ये ते घरगुती गाणं एवढं हळवं का होतं, हे मग विचारावं लागत नाही.

आणि बदकं! त्याशिवाय हा अल्बम पुरा होत नाही. १९३०च्या दशकापासून इंग्लंडातल्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यात भिंतीवर उडणारी तीन बदकं लावायची प्रथा पडली. एक मोठं, एक मधलं, एक छोटं, तिरप्या रांगेत आढ्याकडे निघालेली. आपल्या शोकेसमधल्या बाहुल्या, ताजमहाल आणि कुणी तरी दुबईहून आणलेला उंट यांचं जे स्थान, तेच त्यांचं. अँड्रियाच्या भिंतीवर ती आहेत. आणि स्टारमेकरचं डोकं फिरतं ते या बदकांनी. गाडीची गर्दी त्याने सोसली, ऑफिस सोसलं, पबमधल्या गप्पा सोसल्या, बदकं सोसवेनात. या विषयावर त्याने एक अख्खं दणकेबाज रॉक गाणं ठोकलंय, आणि ते सुरूच होतं बदकांच्या आवाजाने.

संसाराचं मर्म ज्याला कळलंय त्यानेच हे लिहावं. लग्नं मोठ्या कारणांनी मोडत नाहीत. ध्येयं भिन्न असली तरी माणसं चाळीस वर्षं एका छपराखाली काढतात. पण बेडरूममधलं कॅलेंडर, सासरहून आलेली भिंतीवरची ती एक तसबीर, सोफ्यावरचं क्रोशाचं पांघरूण! अशा वस्तूंकडे बघत किती पुरुषांनी आतल्या आत विद्रोहाची गाणी रचली असतील. (बायकांनी रचलेली गाणी वेगळी, त्यात वस्तूच्या जागी सहसा नवरा असतो.) बाकीचे रॉकवाले व्यवस्थेविरुद्ध, युद्धाविरुद्ध, राजघराण्याविरुद्ध ओरडत होते. रे डेव्हिसने गिटार बदकांवर रोखली. राजघराण्याविरुद्ध ओरडल्यावर घरी जाऊन झोपता येतं. बदकांविरुद्ध ओरडणाऱ्याला त्यांच्याखालीच झोपायचं असतं.

शेवटी घोटाळा असा होतो की हा स्टार आहे की नॉर्मनच आहे, हे त्याचं त्यालाच सांगता येईना. कदाचित स्टार कधी नव्हताच. नॉर्मननेच कंटाळून स्वतःला स्टार कल्पिलं होतं. मग तो कबूल करतो की आपण गर्दीतला एक चेहरा आहोत, आणि ते गाणं अल्बममधलं सर्वांत शांत गाणं आहे.

इथपर्यंत गोष्ट झाली नॉर्मनची. पण या अल्बमचं खरं ऑफिस म्हणजे खुद्द किंक्स होतं, असं माझं मत आहे. साहेब एकच, रे. बाकीचे कर्मचारी. त्यांतला एक सख्खा धाकटा भाऊ, डेव्ह. सहा बहिणींच्या पाठीवर झालेले हे दोन भाऊ; वडील कत्तलखान्यात कामाला. याच डेव्हने पोरवयात एका छोट्या अँप्लिफायरच्या स्पीकरचा पडदा ब्लेडने फाडून तो खरखरीत आवाज काढला, ज्यावर १९६४चं 'यू रिअली गॉट मी' पहिल्या क्रमांकाला गेलं आणि घराण्याचं भलं झालं. दहा वर्षांनी टीव्हीच्या नाटकात दादा मध्यभागी वेश बदलून अभिनय करतोय आणि डेव्ह मागे वाद्यवृंदात बसून साथ देतोय. याचा डेव्हला मनस्वी राग होता आणि तो त्याने पुढे लपवलाही नाही. कंपनी ज्याच्या पेटंटवर उभी, त्याला मागचं टेबल! ऑफिसात काम केलेल्या कुणालाही ही गोष्ट नवीन वाटणार नाही.

ऑफिसातली भांडणंही तशीच. १९६५ साली कार्डिफच्या स्टेजवर डेव्हने ढोलकीवाल्या मिक एव्हरीचे ड्रम लाथाडले. एव्हरीने झांजेचं स्टँड उचलून त्याच्या डोक्यात घातलं. डेव्हला टाके पडले. एव्हरी जीव घेतला असं समजून पळाला. पोलिसांनी पुढे विचारलं तेव्हा सांगण्यात आलं की हा आमच्या नव्या प्रयोगाचाच भाग आहे. नाटकाची आवड या मंडळींना १९७५च्या बरीच आधी लागली होती, एवढंच यावरून सिद्ध होतं. आणि एव्हरी त्यानंतर १९८४ पर्यंत त्याच बँडमध्ये, त्याच डेव्हच्या मागे वाजवत राहिला. सहकाऱ्याच्या डोक्यात लोखंड घालूनही एकोणीस वर्षं शेजारी बसायचं, याला नोकरी म्हणतात. याहून सामान्य जीवन कुठे शोधायला जायचं? अभ्यासासाठी नॉर्मनच्या घरी जायची गरजच नव्हती.

१९७६ साली बँड 'अरिस्टा' कंपनीकडे गेला, नाटकं आवरली आणि साध्या रॉकवर अमेरिकेची मोठमोठी सभागृहं भरू लागली. काही वर्षांत ते न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये वाजवत होते. रंगभूमीचं देणं मात्र फिटलं ते बऱ्याच उशिरा : २०१४ साली याच बँडच्या कहाणीवर आणि गाण्यांवर लंडनमध्ये 'सनी आफ्टरनून' हे संगीतनाटक झालं, चाललं आणि ऑलिव्हिए पुरस्कार घेऊन गेलं. २०१७ साली रे डेव्हिसला 'सर' किताब मिळाला. नॉर्मन जन्मभर ज्यांना सर म्हणत आला असेल, ते शेवटी नॉर्मनच झाले.

आपल्याशी या माणसाचं एक जुनं नातं आहे, ते फारसं कुणी सांगत नाही. १९६५च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाला जाताना किंक्स मुंबईत थांबले होते. भल्या पहाटे, समुद्राकडे कामाला निघालेले कोळी गात चाललेले रे डेव्हिसने ऐकले. तो सूर त्याच्या डोक्यात राहिला आणि त्याच उन्हाळ्यात 'सी माय फ्रेंड्स' हे गाणं आलं. पाश्चात्त्य पॉपमध्ये भारतीय वळण आलेल्या अगदी सुरुवातीच्या गाण्यांत ते मोजलं जातं. बीटल्सच्या सतारीच्याही काही महिने आधीचं. इतरांना भारतात साधू दिसले, शास्त्रं दिसली, तळटिपा दिसल्या. याला कामावर निघालेली माणसं दिसली. ती गात होती, हे त्याच्या कानांनी ऐकलं होतं. दहा वर्षांनी त्याने नॉर्मनला गाडीत बसवून गायला लावलं, तेव्हा कामावर जाणारा माणूस गाऊ शकतो का, हा प्रश्न निदान त्याला पडला नसणार. त्या कोळ्यांनी मात्र त्याचा कॉन्सेप्ट अल्बम केला नाही. त्यांना भरती गाठायची होती.

आता शेवटची गोम. स्टार नव्हताच, नॉर्मनच होता, हे मान्य केलं, तर या बारा गाण्यांचा कर्ता कोण? ऑफिसात बसलेला तो बाबूच. गर्दीच्या गाडीत लोंबकळत, साहेबांसमोर मान डोलावत, पबमध्ये तिसऱ्या ग्लासाला आणि रात्री बदकांखाली, त्याने हा सगळा पसारा मनात उभा केला. हॉर्न, कोरस, ऑर्केस्ट्रासकट. ज्याच्यावर नाटक लिहायला कुणी मोठा माणूस येणार होता, त्यानेच तो मोठा माणूस लिहिला. म्हणून सकाळच्या गाडीत खांद्याला खांदा लावून उभा असलेला एखादा गृहस्थ एकटाच ओठ हलवत असला, तर त्याच्याकडे विचित्र नजरेने पाहू नये. तो महिनाअखेरचा हिशेब करत असेल, नाही तर अल्बम. दोन्ही जुळत नाहीत, पण दुसऱ्यात निदान साथीला वाजवणारे असतात.